आधी कान ठरवा, मग मॅन्युव्हर करा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावर कूस बदलताना चक्कर येण्याबद्दल मजकूर आला आणि सोबत एप्ली मॅन्युव्हरची, म्हणजे डोके आणि शरीर ठरावीक क्रमाने वळवून करायच्या उपचाराची, चित्रेही छापली गेली. गोळ्यांखेरीज या त्रासावर काही उपाय आहे, हे त्यामुळे अनेकांना पहिल्यांदाच कळले असेल. पण चित्रातला माणूस उजवीकडे मान वळवून आडवा होतो आणि खाली सूचना एवढीच आहे की चक्कर येत असल्यास दिवसातून तीन वेळा करावे. डावा कान बिघडलेल्याने हेच चित्र पाहून केले तर उपयोग शून्य. कानातल्या आडव्या नलिकेत दोष असलेल्याने केले तर कान बरोबर निवडूनही उपयोग शून्य. आणि चक्कर मेंदूतून येत असेल तर नेमका तिथेच वेळ वाया जाईल, जिथे तो घालवून चालत नाही. तोल आणि चक्कर यांवर काम करणारे आम्ही काही फिजिओथेरपिस्ट आहोत. आमचे म्हणणे इतकेच आहे की कोणता कान आणि कोणती नलिका हे ठरल्याशिवाय कोणतेही मॅन्युव्हर सुरू करू नये.

यात नेमके घडते काय, ते आधी पाहू. अंतर्कर्णात युट्रिकल नावाची छोटी पिशवी असते. तिच्या आतल्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक बसलेले असतात आणि त्यांच्या वजनामुळे डोके कोणत्या बाजूला कलले आहे ते आपल्याला कळते. वय, डोक्याला लागलेला मार, कानाच्या नसेला आलेली सूज, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहणे अशा कारणांनी, आणि पुष्कळदा कोणतेही कारण न सापडता, हे स्फटिक सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत उतरतात. अशा नलिका प्रत्येक कानात तीन: मागची, आडवी आणि पुढची. नलिकेत द्रव असतो आणि तिच्या एका टोकाच्या फुगवट्यात क्युप्युला नावाचा लवचीक पडदा. माणूस उताणा होतो, डोके थांबते, पण स्फटिक घरंगळतच राहतात. ते द्रवाला ओढतात, पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो की डोके अजून फिरतेच आहे. स्फटिक तळाशी बसले की निरोप थांबतो. म्हणून ही चक्कर मिनिटभराच्या आत ओसरते आणि पुन्हा तीच हालचाल केली की पुन्हा येते. दिवसभर सलग गरगरत राहणारी चक्कर या प्रकारातली नव्हे.

स्फटिक थेट पडद्यालाच चिकटतात असे कानतज्ज्ञ शुकनेख्त यांनी १९६९ मध्ये मांडले. ते नलिकेत मोकळे फिरतात, असे हॉल, रुबी आणि मॅक्लूर यांनी १९७९ मध्ये सांगितले. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार आढळतात. मोकळ्या स्फटिकांचे रुग्ण कितीतरी जास्त असतात, चिकटलेल्यांचे कमी, पण हट्टी.

दहांपैकी आठ-नऊ रुग्णांत दोष मागच्या नलिकेत असतो, कारण उभे असताना काय किंवा उताणे झोपलेले असताना काय, सगळ्यांत खाली तीच येते. तिची तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये नीट मांडली आणि आजही तीच चालते. रुग्णाला पाय लांब करून बसवायचे, मान तपासायच्या कानाकडे ४५ अंश वळवायची आणि ती तशीच धरून त्याला झटकन उताणे करायचे. डोके बिछान्याच्या काठाबाहेर किंवा खांद्याखालच्या उशीवरून साधारण २० अंश मागे झुकले पाहिजे. डोळे उघडे. ४५ अंश उगाच नाहीत: मागची नलिका डोक्याच्या मधल्या रेषेशी जवळपास तेवढाच कोन करते. मान तेवढी वळवली की आडवे होण्याची हालचाल बरोबर त्याच नलिकेच्या पातळीत घडते.

तपासणाऱ्याने पाहायची ती बुबुळे. 'चक्कर आली का' एवढेच विचारून थांबणारी तपासणी अर्धीच म्हणायची. मागची नलिका दोषी असेल तर काही सेकंद शांत जातात, मग बुबुळे वरच्या दिशेने आणि सोबत खालच्या कानाकडे पीळ दिल्यासारखी झटके मारू लागतात, जोर वाढतो आणि मिनिटाच्या आत विरतो. उठवून बसवले की दिशा उलटते. लगेच पुन्हा करून पाहिले तर जोर कमी झालेला दिसतो. खाली असताना ज्या कानाने हे दाखवले तो कान दोषी. रुग्ण नजर एका जागी रोवून हे झटके दाबू शकतो, म्हणून फ्रेन्झेल चष्मा (जाड भिंगांचा, ज्यातून नजर रोवता येत नाही) किंवा कॅमेऱ्याचा गॉगल वापरतात. तो नसेल तर बुबुळांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओही पुष्कळ काही सांगतो. रुग्णाने सकाळी चक्करची गोळी घेतली असेल तर झटके मंदावू शकतात. गोळी घेतल्याचे आधी सांगावे.

आता एप्ली. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. दोषी कान उजवा धरू. पहिली स्थिती तपासणीचीच: मान उजवीकडे ४५ अंश, उताणे, डोके मागे झुकलेले. चक्कर थांबेपर्यंत आणि त्यानंतर आणखी अर्धा मिनिट इथेच थांबायचे. दुसऱ्या स्थितीत डोके मागे झुकलेलेच ठेवून डावीकडे ९० अंश वळवायचे, म्हणजे मान मधल्या रेषेपासून डावीकडे ४५ अंशांवर येते. पुन्हा अर्धा ते एक मिनिट. तिसऱ्या स्थितीत अख्खे शरीर डाव्या कुशीवर आणि डोके शरीरासोबत आणखी ९० अंश, इतके की नाक जमिनीकडे तिरके रोखलेले असावे. तेवढाच वेळ. मग हनुवटी छातीकडे ठेवून, पाय खाली सोडत, कुशीवरूनच उठून बसायचे. डाव्या कानासाठी सगळे उलट.

ऐकायला सोपे आहे आणि चुकते ते याच सोपेपणामुळे. सर्वांत जास्त चूक उशीची होते. घरी करणारे उशी डोक्याखाली घेतात. त्याने हनुवटी छातीकडे येते आणि नलिकेतले स्फटिक वरच्या वळणापर्यंत पोचतच नाहीत. उशी खांद्यांखाली हवी. दुसरी चूक ९० अंश वळवताना डोके उचलण्याची: मान वळवताना माणूस नकळत डोके वर घेतो आणि पुढे सरकलेले स्फटिक मागे येतात. तिसऱ्या स्थितीत बरेच जण कुशीवर झाले की थांबतात, नाक भिंतीकडे राहते. भिंतीकडे नाक म्हणजे मॅन्युव्हर अर्धवट. खांदा पूर्ण वळल्याशिवाय नाक जमिनीकडे जात नाही, म्हणून नुसती मान पिळू नये, धड फिरवावे.

वेळेचेही तसेच. स्फटिक द्रवात सावकाश बसतात. पाच-दहा सेकंदांत स्थिती बदलली तर ते वाटेतच असतात. एप्लीत घाईचा काही फायदा नाही, सगळे काम गुरुत्वाकर्षण करते. फक्त पहिल्यांदा आडवे होणे जरा चटकन.

अनुभवी डोळ्यांसाठी एक खूण सांगतो, चित्रांच्या पुस्तिकांत ती सहसा नसते. दुसऱ्या स्थितीत पुन्हा झटके आले आणि त्यांची दिशा पहिल्यासारखीच असली, तर स्फटिक योग्य बाजूला पुढे जात आहेत. दिशा उलटी दिसली तर ते पडद्याकडे परत चालले आहेत, आणि मग उठवून बसवण्याऐवजी सुरुवातीपासून पुन्हा करणे बरे.

उठून बसतानाचा क्षण दुर्लक्षित राहतो. स्फटिक युट्रिकलमध्ये परत पडतात तेव्हा काही रुग्णांना अचानक मागे किंवा एका बाजूला फेकल्यासारखे होते. हे एक-दोन सेकंदच टिकते, पण तेवढ्यात म्हातारा माणूस पलंगावरून खाली जाऊ शकतो. दोन्ही खांदे धरून दोन-तीन मिनिटे बसवून ठेवावे. पुन्हा तपासायचे असेल तर दहा-पंधरा मिनिटांनी. लगेच आडवे केले तर नुकतेच बाहेर पडलेले स्फटिक शेजारच्या आडव्या नलिकेत शिरू शकतात. तसे झाले की कुशीवर वळताना येणारी चक्कर आधीपेक्षा जोरात येते आणि रुग्ण म्हणतो, उपचाराने बिघडले. बिघडलेले नसते, नलिका बदललेली असते. मॅन्युव्हरही बदलावे लागते.

ज्यांना मान मागे झुकवता येत नाही त्यांच्यासाठी सेमाँ पद्धत सोयीची. ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. पलंगाच्या काठावर पाय खाली सोडून बसायचे, मान चांगल्या कानाकडे ४५ अंश वळवायची आणि दोषी कानाच्या बाजूला पटकन कलंडायचे. नाक छताकडे राहते. एक ते दोन मिनिटे थांबायचे. मग मानेचा कोन न बदलता, मध्ये बसण्याच्या स्थितीत क्षणभरही न रेंगाळता, थेट दुसऱ्या बाजूला, नाक जमिनीकडे. पुन्हा तेवढाच वेळ आणि सावकाश उठणे. इथे वेग लागतो. एप्लीचा संथपणा सेमाँत आणला तर ती चालत नाही. भारी शरीराच्या किंवा खुब्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला एवढ्या वेगाने फिरवणे एकट्याचे काम नाही, दोघे लागतात.

आडव्या नलिकेची गोष्ट वेगळी. अशा रुग्णाला दोन्ही कुशींवर वळताना चक्कर येते, ती जास्त जोरदार असते, उलट्याही जास्त. तपासणी अशी: उताणे झोपवून डोके ३० अंश उचलायचे आणि एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ९० अंश वळवायचे. बुबुळे आडवे झटके मारतात. ते जमिनीकडे असतील तर ज्या बाजूला झटके जास्त तो कान दोषी. छताकडे असतील तर उलटे, म्हणजे कमी झटक्यांचा कान दोषी. ही एक ओळ विसरल्याने चुकीच्या कानावर आठवडेच्या आठवडे मेहनत होते.

जमिनीकडच्या प्रकारात बार्बेक्यू रोल करतात. दोषी कान खाली ठेवून सुरुवात, मग उताणे, मग चांगला कान खाली, मग पालथे, अशी ९०-९० अंशांची वळणे चांगल्या कानाच्या दिशेने, प्रत्येक ठिकाणी अर्धा ते एक मिनिट. दोषी कानाच्या दिशेने लोळले तर स्फटिक पडद्याकडेच ढकलले जातात. पालथे होणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गुफोनी पद्धत आहे: बसलेल्या स्थितीतून चांगल्या बाजूला पटकन कलंडायचे, एक-दोन मिनिटांनी नाक ४५ अंश जमिनीकडे वळवायचे, दोन मिनिटे थांबून उठायचे. छताकडच्या प्रकारात सुरुवातीची बाजूही वेगळी असते. तो तज्ज्ञांकडेच सोडावा. पुढच्या नलिकेचे रुग्ण फार थोडे. तिच्या निदानापूर्वी मेंदूचे कारण नाही ना, हे पाहिलेच पाहिजे, कारण बुबुळांचे खाली जाणारे झटके दोन्हींत दिसतात.

काही ठिकाणी चक्करच्या प्रत्येक रुग्णाच्या हातात व्यायामांचा एकच छापील कागद दिला जातो: डोळे वर-खाली करा, मान फिरवा, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाका. हे कॉथॉर्न-कुक्सी व्यायाम १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये तयार झाले. ज्यांच्या कानाची तोलाची क्षमता कायमची कमी झाली आहे त्यांचा मेंदू त्यांमुळे जुळवून घ्यायला शिकतो. नलिकेतला स्फटिक मात्र त्यांनी बाहेर पडत नाही. ब्रँट-डॅरॉफ व्यायाम (१९८०) या त्रासासाठीच आहेत: कडेला बसून आळीपाळीने दोन्ही कुशींवर कलंडणे, नाक वर ४५ अंश, प्रत्येक स्थितीत अर्धा मिनिट, एका वेळी पाच फेऱ्या, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. त्यांचा गुण येतो, पण एप्ली किंवा सेमाँपेक्षा सावकाश आणि कमी. एका बैठकीत मोकळा होऊ शकणाऱ्या माणसाला दोन आठवडे दिवसातून तीनदा चक्कर आणायला लावण्यात आम्हाला तरी शहाणपणा दिसत नाही. मॅन्युव्हर करणे शक्यच नसेल तेव्हा ते द्यावेत.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. बीटाहिस्टिन, सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांपैकी एकही गोळी स्फटिक जागचा हलवत नाही. मॅन्युव्हरच्या आधी उलटी फार होत असेल तर एखादी मात्रा देणे ठीक. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीची २०१७ ची सुधारित मार्गदर्शिका या त्रासात चक्कर दाबणारी औषधे नेहमी म्हणून देऊ नयेत असे सांगते, आणि निदान स्पष्ट असताना स्कॅनही नको म्हणते. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन महिनोन्महिने घेतलेल्या वृद्धांत हातपाय थरथरणे, चाल आखडणे असे पार्किन्सनसारखे त्रास होऊ शकतात. तरीही चालू गोळी स्वतःहून बंद करू नये, ज्यांनी दिली त्यांना विचारावे.

मानेच्या मणक्याच्या झिजेवर या चक्करचे खापर फोडण्याची सवय तर फारच रुजली आहे. पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांना दिसते. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद खोली गरगरण्याचे कारण तिच्यात नसते. गळ्यात पट्टा घातला की माणूस डोके हलवणेच टाळतो, चक्कर कमी वाटते आणि स्फटिक आहेत तिथेच राहतात.

मान मात्र उपचारापूर्वी तपासायलाच हवी, वेगळ्या कारणासाठी. संधिवाताने मानेचे वरचे मणके सैल झालेले, मानेचे अलीकडे ऑपरेशन झालेले, मानेच्या रक्तवाहिनीला इजा झालेली, डोळ्याचा पडदा नुकताच सुटलेला, अशांची मान मागे लोंबकळवू नये. त्यांच्यासाठी कुशीवरची तपासणी किंवा डोक्याकडची बाजू खाली करता येणारे टेबल वापरता येते.

आणि पुढीलपैकी काहीही असेल तर मॅन्युव्हरचा विचार न करता थेट रुग्णालय गाठावे: तासन्‌तास न थांबणारी चक्कर, एक वस्तू दोन दिसणे, बोबडी वळणे, तोंड किंवा हातपाय वाकडे अथवा कमजोर होणे, आधाराशिवाय उभेच न राहता येणे, पूर्वी कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी किंवा मानदुखी, एका कानाने अचानक ऐकू न येणे.

यशस्वी मॅन्युव्हरनंतर दोन रात्री बसून झोपा, डोके हलवू नका, असे पूर्वी सांगत. २०१७ ची मार्गदर्शिका अशी बंधने गरजेची नाहीत असे स्पष्ट म्हणते. गरगरणे थांबल्यावरही काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, चालताना तरंगल्यासारखे वाटते. त्यासाठी पुन्हा पुन्हा एप्ली करू नये. चालणे वाढवावे, चालताना डोके डावी-उजवीकडे वळवावे, भिंतीजवळ पाय जुळवून उभे राहण्याचा सराव करावा. रात्री उठताना दिवा लावावा, कारण अंधारात डोळ्यांचा आधार जातो आणि पडण्याची भीती तेव्हाच जास्त.

त्रास उलटतो, वर्षाला साधारण १५ टक्के लोकांत. दुसऱ्या खेपेला तोच कान असेल असे धरून चालू नये. घरी स्वतः एप्ली करायला हरकत नाही, पण एकदा शिकवून घेतल्यावर, जेवणानंतर दोन-तीन तासांनी, आणि जवळ कोणी असताना. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर पुन्हा तपासणी. वारंवार होणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्यावी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातील मोठ्या चाचणीत, ज्यांची पातळी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरहून कमी होती त्यांना ड जीवनसत्त्व ४०० युनिट आणि कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले, तेव्हा त्रास उलटण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. मूतखडा झालेल्यांनी कॅल्शियम डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आपल्याला विनंती ही की पुढच्या वेळी चित्रे छापताना दोन्ही कानांची वेगवेगळी छापावीत, प्रत्येक चित्राखाली कोन आणि थांबायचा वेळ द्यावा आणि वर 'आधी तपासणी' असे ठळक लिहावे. आमच्या व्यवसायबंधूंना आणि डॉक्टरांनाही एक विनंती. केसपेपरवर नुसते 'व्हर्टिगो' लिहून रुग्णाला पाठवू नये. 'उजवा कान, मागची नलिका, एप्ली दोन वेळा, नंतरच्या तपासणीत झटके नाहीत' एवढे लिहायला अर्धा मिनिट लागतो, आणि सहा महिन्यांनी तोच रुग्ण दुसऱ्या कुणाकडे गेला तर त्याची पहिली तपासणी त्या ओळीपासून सुरू करता येते.

आपले,
तोल व चक्कर या क्षेत्रात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट